शनिवारपर्यंत जागा करायची आहे

गुरुवार. कुमासीत वीज आहे तोवर आवरून घ्यावं.
डिस्कवर उरलेत अकरा जीबी,
आणि शनिवारी आसाफोत मुखियाच्या मावशीचा अंत्यविधी,
तीन कॅमेरे, सकाळी सहापासून.

आधी सोपं ते :
कॅश, प्रिव्ह्यू, अर्धवट रेंडर.
हा नुसता कोंडा, पाखडला की उडतो.
चाळीस जीबी गेले.
पंख्याची घरघरसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली मला,
झाली नसावी.

मग फोल्डर.
बोआतेंग_फायनल.
बोआतेंग_फायनल_खरंच.
बोआतेंग_फायनल_थोरल्या_मुलीनं_पाहिलेलं.
बोआतेंग_फायनल_देणगीचा_आकडा_दुरुस्त.
माणूस एकदाच गेला होता.

एक जुनी टाइमलाइन उघडली तर सगळी लालच लाल.
फुटेज जागेवर नाही, म्हणते.
मूळ कार्ड मी कधीतरी पुसलं असणार, दुसऱ्या कुणाच्या तरी मयतीसाठी.
आमच्याकडे सुतकाचा रंगही लालच,
काळ्यासोबत नेसतात,
त्यामुळे तो पडदा थोडा वेळ
मला बरोबरच वाटला.

गेल्या महिन्यात बाफुर आला होता, धाकट्या भावाला घेऊन.
दारातच उभे. पाणी नको म्हणाले.
आईचा आवाज कुठे आहे का, विचारत होते.
तिचा व्हिडिओ मीच केलेला, दोन तास दहा मिनिटं.
पाद्री बोलतो, जावई बोलतो, माइकवरचा माणूस
कुणी किती सेडी दिले ते नावानिशी बोलतो.
ती सोडून सगळे बोलतात.
बघते म्हणाले.
बघितलं नाही. एका मयतीनंतर दुसरी लागतेच.

टाकाऊ_२०१७. एकशे सत्तर जीबी.
हा उडवला की शनिवार सुटला.
बोट बटणावर होतं.
कशाला कोण जाणे, सवयीनं, एकदा सरकवून पाहिलं :
मंडपाचा खांब,
माझाच बूट,
कुणाच्या तरी सासऱ्याची जांभई,
निळ्या प्लास्टिक खुर्च्यांची तिसरी रांग,
आणि तिथे अतिवाबाई.
दुसऱ्याच्या मयतीला आलेली, धडधाकट,
मांडीवर कुणाचं तरी पोर.
मान वाकडी करून थेट लेन्समध्ये बघते :
'पोरी, मध्येच काय उभी तू?
बाजूला हो की, मेलेला दिसू दे आम्हाला.'

सहा सेकंद.
शॉट बिघडवला म्हणून
मीच कापली होती तिला.
कापताना बहुधा चिडलेही होते.

फोनवरून पाठवलं बाफुरला.
दोन निळ्या खुणा. मग काही नाही.
रस्त्यावर केळी भाजणारीनं निखारे झाकले,
समोरच्या दुकानाचं शटर पडलं,
तेव्हा धाकट्याचा मेसेज :
'अजून आहे?'

आता हे निवडणं नासलं.
ज्याला मी कोंडा म्हणत होते
त्यात दाणे निघायला लागले की सुपाचं करायचं काय?
प्रत्येक कात्रणात डोकावतेय,
काखेत कळसा असल्यासारखी,
कुणाकुणाच्या मागच्या रांगा,
कोण अजून आहे, कोण नाही,
कोण त्या दिवशी नुसतंच भाताची वाट बघत होतं.

तर असं ठरलं. टाकाऊ ठेवायचं.
फायनल जाऊ दे.
फायनल सगळ्यांच्या घरी आहे, कपाटात, प्लास्टिकसकट.
बोआतेंग_फायनल_खरंच : डिलीट.
थोरल्या मुलीनं पाहिलेलं : डिलीट.
देणगीचा आकडा... हा राहू दे, त्यावरून भांडणं होतात.

एकशे बारा जीबी.
पुरणार नाहीत. तिसऱ्या कॅमेऱ्याला
कुणाकडून तरी डिस्क उसनी आणावी लागेल.

आणि शनिवारी, जमलं तर,
तिसऱ्या रांगेसमोर
मी जरा मध्येच उभी राहीन.